दोनशे त्रेचाळीस नंबरचा डबा

कुलथे साहेबांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला, तेव्हा त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. लग्नपत्रिकेला लावतात तसं. मला वाटलं, मुलीचं ठरलं वाटतं यांच्या. मी पेढ्याच्या तयारीनं वर पाहिलं.

"वाचा," ते म्हणाले.

ऑफिस १०१, प्लँट ५१, स्टोअर ५१, गेट २१, दवाखाना आणि कँटीन २१, सेफ्टी ११.

"बेरीज करा."

केली. दोनशे छप्पन आली.

"बघा!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "तुम्हीच म्हणाला होतात ना सावे बाई, कंपनीच्या नेटवर्कला दोनशे छप्पन नंबर मिळालेत म्हणून? सकाळी पूजेला बसलो होतो आणि सुचलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. सगळे शुभ आकडे. याला दैवी म्हणतात."

मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही थट्टा लिहिली आहे का ते.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तारापूरच्या एमआयडीसीत रंगांना लागणारी रसायनं करणारी आमची कंपनी होती. मी जवळच्याच माहीमची, मुंबईतल्या नव्हे, सुगंधा सावे. वडिलांची विड्याच्या पानांची वाडी, आणि मी कॉम्प्युटर शिकले म्हणून अख्ख्या आळीत कौतुक. कंपनीत दीड वर्ष झालं होतं, पण अजून कायम नव्हते. बन्सीधर कुलथे आमचे जनरल मॅनेजर, नगरकडचे. माणूस हुशार होता, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक गोष्टीची बेरीज नऊ यावी लागे. गाडीचा नंबर नऊ, टेलिफोन नऊ, चहाच्या कपांचा सेटसुद्धा नऊचा. सहाचा सेट आणि वर तीन सुटे. शिवाय पाकिटात घालतात तसे एकावन्न आणि एकशे एक. शेठ मुंबईहून यायचे, त्यांनाही हे सगळं फार पटायचं. दोघांचं मेतकूट जमलं होतं ते त्यावरच.

"साहेब, नंबर असे वाटता येत नाहीत," मी म्हटलं.

"का? दोनशे छप्पन आहेत ना?"

मी समोरचं वर्तमानपत्र घेतलं, एक मोठं पान सुटं केलं. "हे आपले दोनशे छप्पन. पत्त्याचे एकूण बत्तीस बिट असतात. त्यातले पहिले चोवीस सगळ्या कंपनीला सारखेच. आता पान कापायचं नाही, फक्त मधोमध घडी घालायची." घातली. "एक घडी, म्हणजे चोवीस अधिक एक, पंचवीस. एकशे अठ्ठावीस नंबर, हे ऑफिसला. उरलेल्या अर्ध्याला पुन्हा घडी. सव्वीस. चौसष्ट नंबर, प्लँटला. उरलेल्या चौसष्टला आणखी दोन घड्या. अठ्ठावीस. सोळा-सोळाचे चार तुकडे: स्टोअर, गेट, दवाखाना, सेफ्टी. जिथे घडी पडते तिथेच हद्द. एकशे एकवर घडी पडतच नाही, साहेब. कितीही जोर लावला तरी."

ते घड्यांकडे पाहत राहिले. मला आशा वाटली. मग ते म्हणाले, "चौसष्टचा आहेर करतं का कोणी?"

गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण गाढवाला निदान आपल्याला कळलं असं वाटत नाही.

नेटवर्क बसवायला अंधेरीचा एक मिश्रा आला होता. त्याला सगळं कळत होतं, म्हणून त्याचा राग जास्त. मधल्या राउटरमध्ये त्याने माझ्या घड्यांप्रमाणेच हद्दी घातल्या, कारण यंत्र दुसरं काही घेईचना. पण साहेबांसमोर म्हणाला, "हो जाएगा सर, बिलकुल आपके लिस्ट के हिसाब से." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, कस्टमर को ना नहीं बोलने का." आणि पान थुंकला. त्याचे शिंतोडे माझ्या सँडलवर उडाले.

बासष्ट मशीनं होती. साठ मशीनांचे नंबर मी गुपचूप बरोबर हद्दीत बसवले. ती कोणी पाहत नव्हतं. राहिली दोन. त्या दोन्हींच्या नंबरांच्या साहेबांनी पितळी पाट्या कोरून आणल्या होत्या, कारण त्यांचं उद्घाटन शेठच्या हातून होणार होतं. सेफ्टीच्या मशीनला २५२. दवाखान्याच्या मशीनला २४३. दोन्हींची बेरीज नऊ.

आणि याच दोन मशीनांवर मंगळ्याचा डोळा अवलंबून होता.

मंगळ्या अमोनियाच्या टाकीवर असायचा. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, कंत्राटी कामगार. टाकीची जागा कारखान्याच्या अगदी मागच्या टोकाला, तिथे दिवसभर हा एकटा. तीन वर्षांपूर्वी वायू सुटला होता, त्यात त्याचा उजवा डोळा गेला. पांढरा झाला, उकडलेल्या अंड्यासारखा. डावा वाचला तो एका लोखंडाच्या तुकड्यामुळे. टाकीजवळच्या खांबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता, शेजारी हातोडा. मंगळ्याने तो बडवला, दवाखान्यातल्या चंद्रभान कंपाउंडरने ऐकला, आणि तो मास्क आणि ऑक्सिजन घेऊन धावला, टाकीजवळच्या नळाचं पाणी त्याच्या डोळ्यांवर मारलं. मास्क आणि ऑक्सिजन फक्त दवाखान्यात, कुलपात. किल्ली फक्त चंद्रभानकडे. डॉक्टर म्हणाले होते, पाणी मारायला आणखी दोन मिनिटं लागली असती तर डावाही गेला असता.

आता तो रूळ निघणार होता. आयएसओचं सर्टिफिकेट घ्यायचं होतं, परदेशी पाहुणे येणार होते, आणि लोंबकळणारं गंजकं लोखंड साहेबांना दरिद्री वाटत होतं. त्याऐवजी टाकीवर वायू ओळखणारं यंत्र बसवलं. वायू सुटला की सेफ्टीच्या मशीनला कळणार, सेफ्टीचं मशीन दवाखान्याच्या मशीनला कळवणार, तिथे भोंगा वाजणार, चंद्रभान धावणार. कल्पना वाईट नव्हती. नंबर वाईट होता.

दवाखान्याची हद्द दोनशे चोवीस ते दोनशे एकोणचाळीस. दोनशे चाळीसपासून पुढे सेफ्टी. दोनशे त्रेचाळीस हा नंबर सेफ्टीच्या हद्दीतला, आणि मशीन बसलेलं दवाखान्यात. म्हणजे सेफ्टीचं मशीन हाक मारताना बघणार: दोनशे त्रेचाळीस? अरे, हा तर आपल्याच आळीतला. आणि आपल्याच आळीत ओरडत बसणार. दुसऱ्या आळीत निरोप पोचवायला राउटर असतो, त्याच्याकडे ते जाणारच नाही.

मी दवाखान्याच्या मशीनला २२९ दिला. भोंगा वाजला. चंद्रभान दचकून स्टुलावरून पडलाच. दोन दिवस मी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"पाटीवर एक आणि आत एक? आणि दोन, दोन, नऊ, किती होतात? तेरा! जिथे माणसं आजारी पडून येतात तिथे तेरा?" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी मिश्राकडून २४३ परत घालून घेतला आणि त्यावर पासवर्ड टाकायला लावला. मला सांगितला नाही.

"साहेब, वाजणार नाही तो."

"सध्या उद्घाटन होऊ दे. मग बघू."

मी टाकीवर गेले. मंगळ्या रुळाखाली उकिडवा बसून बिडी वळत होता. ओढायला परवानगी नव्हती, पण वळायला कोण अडवणार. मी त्याला सगळं सांगितलं, आळ्यांसकट. त्याला साहेबांपेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे हाक मारनारा डबा हितं, ऐकनारा डबा तितं, न् मदी भिंत," तो म्हणाला. मशीनला तो डबाच म्हणायचा.

"हो."

"एक डोला कंपनीला दिला, बाय. दुसरा मना पायजे हाय. भाताची आवनी करायची हाय." त्याने रुळाकडे पाहिलं. "ह्यो नाय ना नेत कोनी?"

"मी बघते," मी म्हटलं. किती सहज म्हटलं ते अजून आठवतं.

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला. सेफ्टीच्या खोलीत झेंडूची तोरणं, मशीनला हार, कीबोर्डवर तांदूळ. ते तांदूळ काढायला नंतर मला अर्धा तास लागला. शेठ आले, कुलथे त्यांच्या मागे वाकून. नमुन्यादाखल धोक्याचा इशारा द्यायचा, म्हणून शेठनी बटण दाबलं. पडदा लाल झाला. सगळे दाराकडे पाहू लागले, आणि खरोखरच चंद्रभान मास्क लावून, ऑक्सिजनची नळकांडी खांद्यावर घेऊन धावत आला. टाळ्या झाल्या. कोणीतरी नारळ फोडला.

मी चंद्रभानकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहीना. त्याच्या मनगटावर एक नवं कोरं घड्याळ होतं, आणि सेफ्टीच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकवीस झाले होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोंगा वाजलाच नव्हता. वेळ ठरवून दिली होती, घड्याळ दिलं होतं, आणि दाराबाहेर उभं केलं होतं. नाटक कंपनीत एन्ट्री देतात तशी.

इतकी किळस मला कधी आली नव्हती. गटारात पाय गेला तरी आपण पाय धुतो. हे कशाने धुणार?

"शेठजी," माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "पुन्हा दाबा ना. आत्ता. कंपाउंडरला परत दवाखान्यात पाठवून."

शेठना खेळ आवडला होता. चंद्रभान गेला. शेठनी दाबलं. पडदा लाल. आम्ही उभे. एक मिनिट. दोन. पंखा घरघरत होता, हारातली झेंडूची पाकळी कीबोर्डवर पडली. पाच मिनिटांनी शेठ म्हणाले, "अरे, आया क्यों नहीं?"

मी सांगितलं. घड्या, हद्दी, आळ्या, सगळं. एक नंबर बदलला की झालं, दहा सेकंदांचं काम. शेठ गंभीर झाले. मला वाटलं, जिंकले.

"नंबर तो अच्छा है," शेठ म्हणाले, आणि कुलथ्यांकडे वळले. "कुछ रास्ता निकालो."

आता कुलथे साहेब हुशार होते हे मी आधीच सांगितलंय. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि मला विचारलं, "बाई, दोनशे त्रेचाळीस नंबर सेफ्टीच्या हद्दीत आहे म्हणता ना?"

"हो."

"म्हणजे ते मशीन सेफ्टीच्या वायरला लावलं तर वाजेल?"

"वाजेल, पण..."

"मग प्रश्नच मिटला. दवाखान्याचं मशीन इथे आणा."

आणि आणलं. माझ्या डोळ्यांदेखत दोघा कामगारांनी ते दवाखान्यातून उचलून आणलं आणि २५२ च्या शेजारी, एकाच टेबलावर ठेवलं. पितळी पाटीसुद्धा आणली. शेठनी बटण दाबलं. २५२ लाल झालं, आणि हातभर अंतरावर २४३ चा असा काही भोंगा वाजला की शेठनी कानांवर हात ठेवले. हसत हसत. पुन्हा टाळ्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे तर बंबाची घंटाच उचलून आगीशेजारी ठेवली होती, बंब होता तिथेच, बहिरा.

"पण चंद्रभानला कसं ऐकू जाणार?" मी विचारलं.

"सेफ्टी ऑफिसर असतातच की इथे. ते सांगतील जाऊन," कुलथे म्हणाले. "सावे बाईंनी चूक दाखवली म्हणून सुधारता आली, शेठ. त्यांना कायम करावं म्हणतो."

शेठनी मान डोलावली. चार दिवसांनी पत्र आलं. पत्राचा जावक क्रमांक ११७. बेरीज नऊ.

त्याच आठवड्यात रूळ काढून भंगारात टाकला. मी पाहिलं. भंगाराच्या ढिगावर, जुन्या पत्र्यांच्या वर पडला होता. मी मूग गिळून गप्प बसले. घरी वडिलांनी पेढे वाटले होते, आईने नारळ ओवाळून टाकला होता. मी स्वतःला सांगितलं, सेफ्टी ऑफिसर असतातच की तिथे. त्या तीन आठवड्यांत मी टाकीकडे एकदाही गेले नाही. कँटीनला जायचा रस्ता तिकडून होता, म्हणून डबा टेबलावरच खायला लागले. कुलथ्यांची मला किळस यायची. पण तेव्हा माझं तरी काय वेगळं होतं?

मेच्या अखेरीस, दुपारी सव्वा एक वाजता, उन्हाने दगड तापले होते, टाकीच्या झडपेतून अमोनिया सुटला. यंत्राने दोन सेकंदांत ओळखला. २५२ लाल झालं. २४३ वाजलं, जिवाच्या आकांताने वाजलं. एसीसाठी खिडक्या बंद, दार बंद. सेफ्टी ऑफिसर जेवायला गेले होते. दोन मशीनं एकमेकांना सांगत बसली.

मी डबा उघडला होता. कुठून तरी पत्रा बडवल्यासारखा आवाज आला. बारीक, थांबून थांबून. आधी लक्ष गेलं नाही. मग कळलं, आणि हातातली भाकरी तशीच राहिली. मंगळ्या आपला जेवणाचा डबा पाइपवर आपटत होता. रूळ गेल्याचं ठाऊक असूनही सवयीने खांबाशी जाऊन त्याने हातोडा शोधला होता, असं तो नंतर म्हणाला. खांबाला नुसता हूक होता.

मी दवाखान्याकडे पळत सुटले, ओरडत. चंद्रभानने कुलूप काढलं. आम्ही पोचेपर्यंत आवाज थांबला होता. मंगळ्या नळापासून चार पावलांवर पडला होता. नळाच्या उलट्या दिशेला.

अहवाल तिसऱ्या दिवशी तयार होता. कुलथे साहेबांनी माझ्यापुढे ठेवला. नेटवर्क विभागाची सही हवी होती. मी वाचला. वायू सुटल्यावर दोन सेकंदांत यंत्रणेने ओळखला. दोन्ही संगणकांवर इशारा तत्काळ पोचला. यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. कामगाराने घाबरून चुकीच्या दिशेने धाव घेतली.

पहिल्या तिन्ही वाक्यांत एक अक्षर खोटं नव्हतं. तीच तर त्यांची कला.

"उद्या देते," मी म्हटलं.

"उद्या अठ्ठावीस तारीख, बेरीज एक. आज सत्तावीस आहे. आजच करा."

मी कागद पर्समध्ये घातला आणि बोईसरच्या दवाखान्यात गेले. मंगळ्या खाटेवर होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. शेजारी त्याची बायको बुधी बसली होती. तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मी स्टूल ओढलं, त्या आवाजाने त्याला कळलं कोणी आलंय.

"मी सुगंधा."

त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग त्याने शांतपणे विचारलं, "बाय, तुमचा डबा वाजला का?"

"वाजला."

"दोनी?"

"दोन्ही."

"चांगला वाजला?"

"फार मोठ्याने वाजला."

तो मान हलवत राहिला, हिशेब जुळत नसल्यासारखा. "मंग मना आयकू कां नाय आला?" तो म्हणाला. "मी तर लय कान देऊन बसलो व्हतो."

डॉक्टरांनी बाहेर सांगितलं, डावा डोळा गेला. पट्टी सोडल्यावर फक्त उजेड-अंधार कळेल, तोही कळला तर.

मी ऑफिसात परत आले. कुलथे साहेब वाटच पाहत होते, पेन उघडून. मी अहवालाच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: "दोन्ही संगणक एकाच खोलीत होते. दवाखान्यात एकही नव्हता. मदतीची हाक मारणारा रूळ आधीच काढून टाकला होता. हे मला तीन आठवडे ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले." त्याच्या तीन प्रती काढल्या. एक त्यांच्यापुढे ठेवली, एक बुधीसाठी घेतली, एक कारखाने निरीक्षकांच्या पत्त्याच्या पाकिटात घातली.

त्यांनी वाचलं. चेहरा पांढरा झाला. "सावे बाई, तुम्ही नुकत्याच कायम झालात."

"हो," मी म्हटलं, आणि तिन्ही प्रतींवर सही केली. खाली तारीख घातली. तिची बेरीज किती येते ते मी पाहिलं नाही.